थकलेल्या गुडघ्याला स्वतःचा ठावठिकाणा कळतो का? व्यायामाचा जोर आणि सांध्यांची जाण

माळावरचा_मास्तर
रविवार, रात्री ९:१०

मंडळी, थोडं लांबेल, पण ज्यांची पोरं भरतीची तयारी करतायत किंवा खो-खो, कबड्डी खेळतायत त्यांनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात खेळाचा शिक्षक आहे. पहाटे भरतीची पोरं-पोरी आमच्या शाळेच्या मुरमाड मैदानावर पळतात, संध्याकाळी खो-खो असतो. माझ्याकडून बारावी होऊन गेलेली एक मुलगी गेल्या वर्षी शहरातल्या एका अकॅडमीत लागली. कष्टाळू पोर. आईवडील ऊसतोडीला जातात, सहा महिने ही आणि धाकटा भाऊ आजीजवळ. एका संध्याकाळी तिथं आधी सहा राऊंड झाले, वेळ चुकली म्हणून शिक्षा म्हणून शंभर बेडूकउड्या झाल्या आणि लगेच शटल लावलं. जोरात जायचं, टोकाचा शंकू शिवायचा, वळून परत यायचं. तिसऱ्या वळणाला गुडघा आत गेला आणि 'कट्' असा आवाज झाला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघा जागेवर धरणारा आतला अस्थिबंध, तुटल्याचं निघालं.

भेटायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "सर, पाय कुठं पडला ते मला कळालंच नाही."

तिथल्या प्रशिक्षकांनी तिला लक्ष नसतं म्हणून रागावलं होतं. मला मात्र ते वाक्य झोपू देईना. वळताना पाय कुठं आहे हे कुणी बघत नाही. नजर पुढं असते आणि पाय आपोआप जागेवर पडतो. मग त्या दिवशी का पडला नाही?

तेव्हापासून जमेल तसं वाचतोय. सांधा कोणत्या कोनात आहे हे न बघता कळणं, याला शास्त्रात जॉइंट पोझिशन सेन्स म्हणतात. तो प्रोप्रिओसेप्शन या मोठ्या जाणिवेचा एक भाग. प्रोप्रिओसेप्शन हा शब्द चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली रूढ केला. पुढं १९३२ साली त्यांना नोबेल मिळालं. आपण पाच इंद्रियं म्हणतो, पण डोळे मिटून घास तोंडातच जातो तो या सहाव्या जाणिवेमुळं. आमच्याकडच्या बाया डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन वीतभर रुंदीच्या बांधावरून खाली न बघता चालतात. ती हीच जाण.

वाचनातून मला जे समजलं ते असं: ही जाण दिवसभर एकसारखी राहत नाही, व्यायामाचा जोर किती त्यावर ती वरखाली होते. हलक्या ते मध्यम व्यायामानं अंग तापलं की बहुतेक तरुणांची जाण जागेवर राहते किंवा थोडी सुधारते. दम संपेपर्यंत, पाय भरून येईपर्यंत ताणलं की ती बोथट होते. उतारावरून पळणं, उड्या मारून खाली येणं, म्हणजे स्नायू लांबत असताना भार झेलणं, यात तर ती जास्तच बिघडते.

मी घरी करून बघितलं. टेबलावर बसलो, पाय लोंबते सोडले, नडगीला मोबाईल पट्टीनं बांधला आणि कोन मोजायचं ॲप लावलं. डोळे मिटले. मुलानं माझा पाय उचलून एका कोनात पाच सेकंद धरला, खाली सोडला आणि "आता तिथंच आण" म्हणाला. ताजा असताना तीन-चार अंशांनी चुकत होतो. मग शाळेमागच्या टेकडीवरून आठ वेळा पळत उतरलो आणि परत बसलो. पाय अगदी तिथंच आणलाय अशी खात्री होती. डोळे उघडून मोबाईल बघितला तर नऊ अंश चूक. आकड्यापेक्षा मला त्या खात्रीचं भ्या वाटलं.

मी पन्नाशीकडं झुकलेला माणूस, एकट्यावर केलेला हा खेळ, त्याला शास्त्र म्हणत नाही. पण अकॅडम्यांमध्ये आधी पोरं पिळून घ्यायची आणि मग वळणं, उड्या, सूर मारणं असली नाजूक कामं द्यायची, हा क्रम मला चुकीचा वाटायला लागलाय. जाणकारांनी सांगावं. माझं काही चुकत असेल तर तेही सांगावं.

---

गोदाकाठ
रविवार, रात्री १०:०५

मास्तर, मुलीचं वाचून वाईट वाटलं. तरी थोडा विरोध नोंदवतो. मी ऐंशीच्या दशकात परभणीकडून खो-खो खेळलोय. दोन तास पळती, मग सूर, मग पुन्हा पळती. थकल्यावर खेळता आलं पाहिजे, कारण सामना शेवटच्या मिनिटातच जातो. पोरांना ताजं असतानाच सगळं शिकवलं तर सामन्यात दमल्यावर ती काय करतील? खेळाडू तयार होतो तो दमावरच. तुमच्या म्हणण्यानं सराव मऊ होईल अशी भीती वाटते.

---

पहाट_१६००
रविवार, रात्री १०:४०

सर मी पोलीस भरतीचीच तयारी करायलोय. १६०० मीटरला ५ मिनिटं १० सेकंदाच्या आत आलं तर पूर्ण २० मार्क हायेत, त्यामुळं आम्ही रोज जीव तोडून पळायलोत. आमच्याकडं पण बेडूकउड्या शेवटीच असतेत. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पाय कुठं ठेवावं कळना जातंय, भेलकांडल्यासारखं होतंय. मला वाटायचं ते नुसतं दुखण्यामुळं. ते बी हेच का? आणि मध्यम जोर म्हणजे किती ते कसं कळावं, आमच्याकडं छातीला लावायचे पट्टे न घड्याळं नाहीत.

---

फिजिओताई_लातूर
सोमवार, दुपारी २:२०

मी लातूरला फिजिओथेरपिस्ट आहे. दवाखान्यात आठवड्याला अशी दोन-तीन पोरं येतातच, म्हणून सविस्तर लिहिते.

मास्तर, तुम्ही घरी केलंत ती आमच्या क्षेत्रातली खरीखुरी चाचणी आहे. आम्ही ती कोनमापक किंवा यंत्र लावून करतो. लक्ष्य-कोन आणि आणलेला कोन यांतला फरक अंशांत मोजायचा. निरोगी तरुणांची गुडघ्यातली चूक साधारण दोन ते पाच अंशांत असते. एक पथ्य मात्र हवं. प्रत्येक वेळी पाय उचलण्याआधी मांडी एकदा घट्ट आवळून सैल सोडा. स्नायू आधी कोणत्या अवस्थेत होता यावर ही जाण अवलंबून असते. ते सारखं केलं नाही तर आकडे उगाच हलतात. शिवाय एका मोजणीवर जाऊ नका, निदान पाच-सहा वेळा करून सरासरी घ्या.

आता आत काय होतं ते. पूर्वी असं मानायचे की ही जाण सांध्याच्या पिशवीतल्या मज्जातंतूंच्या टोकांतून येते. १९७२ साली गुडविन, मॅकक्लॉस्की आणि मॅथ्यूज या संशोधकांनी दाखवलं की दंडाच्या कंडरेवर जोरात कंपन दिलं तर हात हललेला नसतानाही माणसाला तो सरळ झाल्यासारखा वाटतो. कंपनानं चाळवतात ते स्नायूंमधले मसल स्पिंडल. ते स्नायूची लांबी आणि ती बदलण्याचा वेग मेंदूला कळवत असतात. म्हणून आज मुख्य काम स्पिंडलचं मानलं जातं. कंडरेतले गोल्जी अवयव ताण सांगतात. कातडी आणि सांध्यातली टोकं, विशेषतः सांधा टोकाच्या कोनाला गेला की, भर घालतात. एसीएलमध्येही अशी टोकं असतात, त्यामुळं तो तुटला की दोरखंडासोबत तारही तुटते. त्या मुलीला पुढच्या व्यायामात हे भरून काढावं लागेल.

व्यायामाचा जोर कुठं येतो? अंग तापलं की स्नायू ऊबदार होतो, मज्जातंतूंतून संदेश जरा वेगानं जातो, लक्षही जागं असतं. म्हणून चांगल्या वॉर्मअपनंतर चूक कमी झाल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसतं. जोर वाढत जाऊन स्नायू थकला की दोन गोष्टी घडतात. एक, तोच पाय उचलायला जास्त प्रयत्न लागतो आणि मेंदू जागेचा अंदाज बांधताना त्या प्रयत्नाचाही हिशेब धरतो, म्हणून हिशेब चुकतो. दोन, थकलेल्या स्नायूकडून येणारे संदेश आणि मेंदूचं त्यांचं वाचन यांचा मेळ बिघडतो. ही चूक आंधळी नसते, तिला दिशा असते. कोपर वाकवणारे स्नायू थकवले तर हात खरा आहे त्यापेक्षा जास्त सरळ आहे असं वाटतं.

पहाट_१६००, जिन्यावरचं तुझं भेलकांडणं हेच आहे. उडी मारून खाली बसताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत भार झेलतो, त्याचे धागे बारीक इजा पावतात, ताकद उतरते आणि जाणही. धाप लागल्यानं आलेला थकवा पाऊण-एक तासात बराच ओसरतो. हा प्रकार मात्र दुसऱ्या दिवशीही राहू शकतो. म्हणून बेडूकउड्यांच्या दुसऱ्या दिवशी वेगाची वळणं घेऊ नकोस.

जोर ओळखायला पट्टा लागत नाही. पळता पळता सलग दोन-तीन वाक्यं बोलता आली, पण गाणं म्हणता आलं नाही, तर मध्यम. चार शब्दांवर श्वास तुटला तर तीव्र. मोजायचंच असेल तर थांबल्याबरोबर मनगटाची नाडी दहा सेकंद मोज आणि सहानं गुण. विशीतल्या पोराचे कमाल ठोके ढोबळमानानं दोनशे धरले तर १२० ते १४० म्हणजे मध्यम.

गोदाकाठ काका, तुमचा मुद्दा खरा आहे. थकल्यावर खेळता आलंच पाहिजे. पण नवीन हालचाल थकल्यावर शिकवली तर मेंदू चुकीचाच कोन 'बरोबर' म्हणून साठवतो. आधी ताज्या अंगानं वळण पक्कं करायचं. मग थकव्यात त्याची थोडी उजळणी, तीही मोजून.

---

कळंबची_आई
सोमवार, रात्री ८:३०

ताई, माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, शाळेकडून खो-खो खेळते. २०२५ साली दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या मुलींनी जिंकला, कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या केज तालुक्यातली. तेव्हापासून आमच्याकडं पोरींना घरात बसवतच नाही कुणी. मला आनंदच आहे. पण ही पहाटे साडेचारला रस्त्यावर पळायला जाते, तेव्हा मिट्ट अंधार असतो आणि रस्त्याच्या कडा खचलेल्या. घोटा दोनदा मुरगळलाय. अंधाराचा आणि या जाणिवेचा काही संबंध असतो का? मुलींना गुडघ्याचं जास्त होतं म्हणतात तेही खरं का?

---

फिजिओताई_लातूर
सोमवार, रात्री ९:१५

संबंध आहे, आणि तुम्ही अगदी नेमकं विचारलंत. तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणांहून माहिती घेतो: डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव आणि स्नायू-सांधे. उजेडात सांध्यांची जाण थोडी चुकली तरी डोळे सावरून घेतात. अंधारात सगळा भार सांध्यांवर. त्यात शेवटच्या किलोमीटरला पाय थकलेले. एकदा मुरगळलेल्या घोट्याची जाण आधीच कमी झालेली असते, म्हणूनच तो पुन्हा मुरगळतो. वेगाचं पळणं उजाडल्यावर शाळेच्या मैदानावर करू द्या. अंधारात फार तर हलकं चालणं.

घरी रोज एक करायला सांगा. दात घासताना दोन मिनिटं एका पायावर उभं राहायचं, पाय बदलायचा. आठवड्याभरानं तेच भिंतीजवळ उभं राहून डोळे मिटून करायचं. पडली तर हात टेकता आला पाहिजे, हे बघा.

आणि हो, वळणं आणि उड्या असलेल्या खेळांत मुलींना एसीएलची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. फुटबॉलसाठी फिफानं वीसेक मिनिटांचा '११ प्लस' नावाचा वॉर्मअप तयार केलाय. त्यात हलकं पळणं, ताकद, एका पायावरचा तोल आणि उडी मारून गुडघा आत न जाऊ देता उतरणं, असं सगळं आहे. नॉर्वेत किशोरवयीन मुलींवर तो नियमित वापरून बघितला तेव्हा दुखापती ठळकपणे कमी झाल्या. खो-खोला तो जसाच्या तसा बसणार नाही, पण गाभा तोच ठेवता येईल.

---

गोदाकाठ
सोमवार, रात्री ११:००

ताई, 'चुकीचा कोन साठवला जातो' हे वाक्य मनात घोळतंय. आमच्या संघात एक गडी होता, खांबाला वळसा घेण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. डाव्या हातानं खांब धरायचा आणि पूर्ण अंग बाहेर झोकून वळायचा. आता आठवतंय, तो हे वळण सरावाला सगळ्यांच्या आधी येऊन करायचा. एकटा. वीस वेळा, पंचवीस वेळा. आम्ही आलो की आमच्याबरोबर पळायचा. आम्हाला वाटायचं हौशी आहे. त्याचे गुडघे आजही धड आहेत. माझे दोन्ही गेलेत.

माझ्या गुडघ्यांना वयही कारण असेल, सगळं सरावावर ढकलत नाही. पण मास्तर, माझा विरोध मी मागं घेतो.

---

माळावरचा_मास्तर
मंगळवार, सकाळी ७:४५

काका, तुमच्या त्या खेळाडूची गोष्ट मी आज पोरांना सांगणार.

ताई, एक विचारायचं राहिलं. एवढं सगळं कळून वळताना उपयोग किती? गुडघा आत जायला वेळच किती लागतो?

---

फिजिओताई_लातूर
मंगळवार, दुपारी १:३०

फारच थोडा. दुखापतींच्या चित्रफिती बारकाईनं तपासल्या तेव्हा पाय जमिनीला लागल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांत एसीएल तुटल्याचं दिसलं. डोळ्यांची पापणी मिटायलाही याहून जास्त वेळ लागतो. 'गुडघा आत चाललाय' हे कळून स्नायूनं तो सावरावा एवढी सवड तिथं नसते.

म्हणून सगळा खेळ पाय टेकण्याआधीचा आहे. पाय हवेत असतानाच मेंदू गुडघा किती वाकलेला आहे, घोटा कसा आहे याचा अंदाज घेऊन स्नायू आधीच आवळून ठेवतो. तो अंदाज पाच-सहा अंशांनी चुकला तर तयारीही चुकीच्या कोनाची होते. 'पाय कुठं पडला ते कळालंच नाही' हे तुमच्या मुलीचं वाक्य मी माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुलांना सांगितलं. इतक्या नेमक्या शब्दांत ते आम्हालाही मांडता येत नाही. तिचं लक्ष नव्हतं असं कृपा करून कुणी म्हणू नका.

तरी एक प्रामाणिकपणे सांगते. कोन ओळखण्यातली चूक वाढली म्हणजे दुखापत होणारच, असा सरळ हिशेब नाही. ताकद, उतरण्याची पद्धत, बूट, जमीन हे सगळं त्यात येतं. आपल्याकडं मे महिन्यात भेगाळलेल्या काळ्या रानात पोरं पळतात, तिथं भलाभला गुडघा फसेल.

---

पहाट_१६००
मंगळवार, रात्री ९:५०

ताई मी आज नाडी मोजून बघितली. आम्ही ज्याला वॉर्मअप म्हणायलोत त्यातच १७० लागायलेत. म्हणजे आम्ही सुरुवातीलाच तीव्र करायलोत. सरांना सांगितलं तर म्हणले, आधी दम वाढव मग शहाणपण शिकव. काय करावं?

अविनाश साबळे आमच्या जिल्ह्याचा, मांडव्याचा. त्याच्या स्टीपलचेसमधे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतेत. शेवटची पाण्याची उडी किती थकलेल्या पायानं मारावी लागत आसंल हे मला आज पहिल्यांदा डोक्यात आलं. आम्ही फक्त त्याचा टाईम बघायचो.

---

माळावरचा_मास्तर
मंगळवार, रात्री १०:३०

बाळा, तुझ्या सरांशी वाद घालू नकोस. तू दहा मिनिटं आधी जा आणि तुझं तुझं हलकं पळून घे, बोलता येईल इतपत. एका पायावर उभं राहणं, चार-पाच संथ वळणं करून घे. नंतर त्यांचं सांगितलेलं कर. शिक्षेच्या बेडूकउड्या लागल्या तर त्या दिवशी शटलमध्ये वळताना वेग कमी ठेव. दोन सेकंद गेले तर जाऊ देत. भरती परत निघते.

साबळेचं तू बरोबर बोललास. तेवढं थकूनही अडथळ्यावर पाय नेमका पडावा म्हणून ती माणसं अडथळ्यांचा वेगळा सराव वर्षानुवर्षं करतात. आणि तरीही धोका राहतोच. २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत तो पाण्याच्या उडीपाशी पडला आणि त्याच्याही गुडघ्याला मोठी दुखापत झाली. एवढ्या तयारीच्या माणसाचं असं होतं. तुम्हा पोरांना तर बूटही धड नसतात.

---

माळावरचा_मास्तर
सहा आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ८:००

धागा वर काढतोय, कारण काहींनी व्यक्तिगत निरोपात विचारलं की पुढं काय केलं.

मैदानावरचा क्रम बदलला. आधी दहा-बारा मिनिटं बोलता येईल असं पळणं, मग एका पायावरचा तोल, मग खांबाची वळणं आणि सूर, आणि दमाचं पळणं सगळ्यात शेवटी. आठवड्यातून एकदाच, तेही शेवटी, थकलेल्या अंगानं पाच वळणं, मी स्वतः समोर उभा राहून. गुडघा आत जाताना दिसला की तिथंच थांबवतो. टेकडीवरून पळत उतरणं सामन्याच्या आदल्या दोन दिवसांत पूर्ण बंद. पोरं सुरुवातीला कुरकुरली. त्यांना वाटलं सर सोपं करायलेत. आता डोळे मिटून एका पायावर कोण जास्त उभं राहतं याची पैज लागते आणि मधल्या सुट्टीतही व्हरांड्यात बगळ्यांची रांग दिसते.

ती मुलगी आता घरी आलीय. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी नऊ महिन्यांच्या आत वळणाचं पळणं नाही म्हणून बजावलंय. फिजिओताईंनी सुचवलेली कोनाची चाचणी ती रोज करते, धाकटा भाऊ मोबाईल बांधून देतो आणि वहीत आकडे लिहितो. चांगल्या पायाचा रकाना निळ्या पेनानं, ऑपरेशनच्या पायाचा लाल. मी गेलो तेव्हा तिनं वही दाखवली. लाल रकाना अकरावरून सातवर आलाय. मधे एक दिवस पुन्हा बारा होता. मी विचारलं, त्या दिवशी काय झालं? म्हणाली, "आदल्या दिवशी आईचा फोन आला होता. रडायला आलं म्हणून व्यायाम दुप्पट केला."

त्या ओळीसमोर तिच्या भावानं लिहिलंय: लै थकली होती.